व्रतस्थाचें औषध

नांदेड किंवा लातूर येथील रुग्णालयांत वर्षानुवर्षें बसणाऱ्या डॉक्टरांस एक प्रकार चांगला परिचयाचा असतो. खेड्यांतून आलेला रोगी औषधाची चिठ्ठी घेऊन जातो, सांगितलेलें सर्व विकत घेतो, आणि पंधरा दिवसांनीं परत येतो तों दुखणें होतें तसेंच असतें. बरीच विचारपूस केल्यावर कळतें, कीं वाटोळ्या गोळ्या त्यानें नेमानें घेतल्या. परंतु दोन टोपणांच्या, आंत भुकटी भरलेल्या ज्या कॅप्सुली होत्या त्या घरच्या फडताळांतच राहिल्या. त्यांचें आवरण जनावरांच्या हाडांचें असतें, असें त्यास कोणी सांगितलें होतें. या रोग्याच्या गळ्यांत पंढरीची माळ असेल, इष्टलिंग असेल. तो जैन असेल. किंवा मुसलमान असून तें जनावर कोणतें व कसें मारलेलें, एवढीच त्याची शंका असेल. डॉक्टर रागावतात. रोगी मान खालीं घालतो. पुढच्या खेपेस तो पुन्हां औषध टाकतो, पण या वेळीं तें कोणास कळूं देत नाहीं.

या प्रकारास अडाणीपणा म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. रोग्यानें जें ऐकलें तें खरेंच आहे. त्याचें चुकतें तें एवढेंच, कीं तो विचारीत नाहीं; आणि विचारलें असतां लोक हंसतील, हें त्याचें भय पुष्कळदां निराधार नसतें. या मौनाची किंमत किती, हें क्षयरोगाच्या उदाहरणानें ध्यानांत येईल. रिफाम्पिसिन हें क्षयावरील एक प्रमुख औषध. तें आपल्याकडे पुष्कळ वर्षें कॅप्सुलींतून दिलें जात असे. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमांत अनेक औषधें एकत्र केलेली रोजची गोळी आली आणि तो प्रश्न बराचसा मिटला. परंतु त्यापूर्वीं ज्यानें तेवढी एक कॅप्सूल वगळून बाकीचीं औषधें घेतलीं, त्यानें आपल्या शरीरांतील जंतूंस त्या उरलेल्या औषधांशीं झुंजण्याचें शिक्षणच दिलें. अशा रोग्याकडून घरांतील दुसऱ्यास जो क्षय होतो, तो साध्या औषधांस दाद देत नाहीं.

औषधांतील एखादें द्रव्य मिळेना, तर काय करावें, हा प्रश्न आपल्या वैद्यकांत नवा नाहीं. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथांत अशा प्रसंगासाठीं एक यादीच दिलेली आहे. तिच्यांतील द्रव्यांस ‘प्रतिनिधि’ म्हणतात. मध नसेल तर जुना गूळ घ्यावा. कस्तुरी नसेल तर कंकोळ घ्यावें. अशी ती यादी चालते. या दोन उदाहरणांत प्राण्यापासून मिळणाऱ्या वस्तूची जागा वनस्पतीनें घेतली आहे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. भावमिश्रापुढें प्रश्न टंचाईचा होता, व्रताचा नव्हे. परंतु कस्तुरीची अडचण आज टंचाईहून मोठी झाली आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कस्तुरीमृगाच्या शिकारीस बंदी आहे, आणि प्रामाणिक वैद्यास प्रतिनिधि शोधल्यावांचून गत्यंतरच नाहीं.

या यादीपेक्षां तिच्याबरोबर सांगितलेला नियम अधिक मोलाचा आहे. औषधाच्या योगांत जें द्रव्य अप्रधान असेल त्याच्या जागीं प्रतिनिधि चालतो. जें प्रधान असेल, ज्याच्या बळावर रोग बरा व्हावयाचा असतो, त्याच्या जागीं सारखें दिसणारें दुसरें द्रव्य घेऊं नये. इतका साधा आणि इतका उपयुक्त भेद आजच्या औषधांच्या दुकानांतहि कोणी केला, तर रोग्याची निम्मी चिंता तेथेंच संपेल.

कॅप्सुलीचें आवरण हें अप्रधान द्रव्य होय. तें जिलेटिनचें असतें. जनावरांचीं हाडें आम्लांत ठेवून त्यांतील खनिज भाग काढून टाकतात. उरलेला लवचीक भाग चुन्याच्या पाण्यांत कित्येक आठवडे मुरवितात आणि मग ऊन पाण्यांत त्याचा अर्क उतरवितात. भारतांत हें मुख्यतः गुराढोरांच्या हाडांपासून होतें; परदेशांत डुकराच्या कातड्यापासूनहि फार होतें. जिलेटिनला चव नाहीं, तें पोटांतील उष्णतेनें कांहीं मिनिटांत विरघळतें, आणि कितीहि कडू औषध त्यांतून जिभेस न कळतां उतरतें. १८३४ सालीं पॅरिसमध्यें या आवरणाचें पहिलें पेटंट नोंदलें गेलें. तेव्हांपासून औषध बनविणाऱ्यांस त्याहून सोयीचें कांहीं सांपडलें नाहीं, कारण बराच काळ त्यांनीं तें शोधलेंच नाहीं.

आतां दुसरें आवरण निघालें आहे. त्याचें नांव हायप्रोमेलोज. तें लाकडाच्या लगद्यांतील किंवा कापसांतील सेल्युलोजपासून करतात. नांदेडच्या माणसास या वस्तूचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. तिचें मूळ त्याच्या शेतांत आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानें १९८० नंतरच्या दशकांत दिलेला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण महाराष्ट्रांतील कोरडवाहू शेतकऱ्यांनीं वर्षानुवर्षें पेरला. जिनांत रुई निघून गेल्यावर सरकीच्या अंगावर जी आंखूड लव राहते, ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. कॉस्टिक सोडा आणि आणखी दोन रसायनें यांची क्रिया घडविली, म्हणजे तीच लव पाण्यांत विरघळूं लागते व तिचा पातळ, पारदर्शक पापुद्रा करतां येतो. या आवरणाचा एक गुण मराठवाड्याच्या हवेस विशेष मानवणारा आहे. जिलेटिनच्या आवरणांत शेंकडा तेरा ते सोळा भाग पाणी असतें. तें उडून गेलें कीं कॅप्सूल ठिसूळ होते. वैशाखांत लातूरच्या पत्र्याच्या घरांत ठेवलेली कॅप्सूल हातांत तडकली, तर त्याचें कारण हेंच. हायप्रोमेलोजमध्यें मुळांतच पाणी थोडें असल्यामुळें तें कोरड्या हवेंत टिकतें. दोष एकच, पण तो लहान नाहीं: तें जिलेटिनहून महाग पडतें. मऊ, तेलकट औषधांच्या कॅप्सुलींसाठीं समुद्रशैवालांतील कॅराजीनन व स्टार्च यांचें आवरणहि निघालें आहे.

मग रोग्यानें कोणती कॅप्सूल कशाची, हें ओळखावें कसें? खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण असते. औषधांवर तशी सक्ति नाहीं. ओझेर हुसेन यांनीं याच प्रश्नावर दिल्लीच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली होती. ता. १३ नोव्हेंबर २००२ रोजीं त्या न्यायालयानें निर्णय दिला, कीं प्राणरक्षक औषधें वगळून इतर औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर अशी खूण असावी. ता. ७ मार्च २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. २०१७ सालीं जिलेटिनऐवजीं वनस्पतिज कॅप्सुली आणाव्या काय, हें पाहण्यासाठीं केंद्र सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली. परंतु तशी सक्ति आजवर झालेली नाहीं. औषधाच्या पट्टीवर मूळ औषधाचें नांव व वजन असतें, त्यांत मिसळलेल्या इतर वस्तूंची पूर्ण यादी बहुधा नसते. येथें एक विसंगति गमतीची आहे. जीं जीवनसत्त्वें खाद्यपदार्थांच्या कायद्याखालीं ‘पूरक आहार’ म्हणून विकलीं जातात त्यांवर खूण असते. तेंच जीवनसत्त्व औषध म्हणून विकलें कीं खूण नाहींशी होते. तेव्हां वेष्टन वाचून भागत नाहीं. विचारावेंच लागतें.

विचारल्यावर मात्र वाट बहुधा निघते, आणि ती पुष्कळदां अगदीं साधी असते. अमॉक्सिसिलिन कॅप्सुलींत मिळतें तसें पाण्यांत विरघळणाऱ्या गोळींतहि मिळतें आणि लहान मुलांसाठीं पाण्यांत कालवावयाच्या भुकटीच्या रूपांतहि मिळतें. आम्लपित्तावर ओमेप्राझोलची कॅप्सूल नको असेल, तर त्याच जातीच्या पँटोप्राझोलची गोळी डॉक्टर देऊं शकतात. ड जीवनसत्त्वाची आठवड्यास एक घ्यावयाची साठ हजार युनिटांची मात्रा मऊ कॅप्सुलींत असते, तशीच दुधांत टाकून प्यावयाच्या पुडींतहि असते. एक गोष्ट मात्र रोग्यानें स्वतःच्या मनानें करूं नये. ती म्हणजे कॅप्सूल उघडून आंतील भुकटी चाटणें. कांहीं औषधें घशास व अन्ननलिकेस भाजतात, म्हणूनच त्यांस आवरण असतें. कांहींच्या आंत बारीक मणी असतात. ते जठर ओलांडून आंतड्यांत विरघळावे अशी योजना असते, आणि चावले कीं औषधाचा गुण जातो. तसेंच, गोळी म्हटली म्हणजे ती आपोआप शाकाहारी झाली, असेंहि नाहीं. गोळी साच्यास चिकटूं नये म्हणून तिच्यांत किंचित् मॅग्नेशियम स्टीअरेट घालतात. तें चरबीपासूनहि होतें आणि वनस्पतितेलापासूनहि होतें. झिलई कधीं लाखेची असते, आणि लाख म्हणजे किड्याचा स्राव. तांबडा रंग कधीं कोचिनील किड्याचा असतो.

इतक्या खोलांत जावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ड जीवनसत्त्वाचेंच पाहा. त्याचा नेहमींचा प्रकार मेंढीच्या लोकरींतील स्निग्धांशापासून करतात. त्यासाठीं मेंढी मारावी लागत नाहीं, तिची लोकर तेवढी कातरली जाते. खांद्यावर घोंगडी टाकून पंढरीची वाट चालणाऱ्यास या जीवनसत्त्वाचें वावडें कां असावें, हें समजणें कठीण आहे. तरीहि ज्यास तें नको असेल त्याच्यासाठीं अळंबी व यीस्ट यांपासून होणारा दुसरा प्रकार आहे. तो रक्तांत तितका काळ टिकत नाहीं, एवढें डॉक्टरांनीं ध्यानांत घ्यावें. आणि रोग्याचें व्रत त्याच्या नांवावरून किंवा पोशाखावरून ताडूं नये. नांदेडला हुजूर साहिबाच्या दर्शनास येणाऱ्या शिखांत लंगराचें शाकाहारी अन्न सर्वांसाठीं असतें. परंतु घरीं कोणी मांस खातो, कोणी खात नाहीं, आणि खाणाऱ्यासहि हलाल पद्धतीचें ‘कुठ्ठा’ मांस रहितमर्यादेनें वर्ज्य असतें. डॉक्टरांनीं एक वाक्य विचारलें, तर हें सारें अर्ध्या मिनिटांत कळतें.

लोकांस काय चालेल, याचा विचार औषध बनविण्याच्या वेळींच केल्याचें एक जुनें उदाहरण मुंबईचें आहे. १८९६ सालीं तेथें प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलींत प्लेगची लस तयार केली आणि ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. जंतु वाढविण्यासाठीं युरोपांत गोमांसाचा काढा वापरीत. हाफकिन यांनीं त्याऐवजीं बकऱ्याच्या मांसाचा काढा घेतला, म्हणजे हिंदूस गाईची व मुसलमानास डुकराची शंका राहूं नये. आणि जंतूंची वाढ वरून खालीं लोंबती व्हावी म्हणून त्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडले. शुद्ध शाकाहाऱ्याचें समाधान यानें झालें नसेल. पण शास्त्रज्ञानें लोकांच्या धर्मभावनेस प्रयोगाच्या आड येणारी अडगळ न मानतां कृतीचाच एक भाग मानलें, हें विसरण्याजोगें नाहीं. पुढें जून २०२१ मध्यें कोरोनाच्या एका भारतीय लशींत वासराचें रक्तद्रव आहे, असा गवगवा झाला, तेव्हां केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें खुलासा केला, कीं तें द्रव केवळ पेशी वाढवितांना वापरतात. पुढें त्या पेशी धुतल्या जातात आणि अखेरच्या लशींत तें मुळींच नसतें. खुलासा बरोबर होता. परंतु तो गवगव्यानंतर आला. हाफकिन यांनीं विचार आधीं केला होता.

अप्रधान द्रव्यांची कथा येथवर. प्रधान द्रव्याच्या जागीं प्रतिनिधि नको, असें भावमिश्र सांगतो. आधुनिक शास्त्रानें कांहीं ठिकाणीं हा नियम मोडला, असें वरवर पाहतां वाटतें. खरें म्हणजे त्यानें सारखें दिसणारें द्रव्य घेतलें नाहीं. तेंच द्रव्य, किंवा रोगास खरोखर लागू पडणारें द्रव्य, दुसऱ्या ठिकाणीं शोधून काढलें. या शोधांतील एक अत्यंत सुंदर अध्याय मुंबईंतच घडला.

१९२८ सालीं ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यविदुषी मुंबईस आल्या. गरीब वस्त्यांतील आणि गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांस गरोदरपणीं एक भयंकर पांडुरोग होत असे. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत, आकारानें मात्र फुगत. आणि पुष्कळ स्त्रिया बाळंतपणापूर्वीं किंवा नंतर दगावत. दोनच वर्षांपूर्वीं, १९२६ सालीं, बोस्टनच्या मायनट व मर्फी यांनीं अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका पांडुरोगावर रोज भरपूर यकृत खाण्याचा उपाय सांगितला होता. यकृताचा अर्क महाग होता. मुंबईच्या चाळींत राहणाऱ्या स्त्रीस तो परवडणें अशक्य, आणि तिच्या घरीं मांस वर्ज्य असेल तर बोलणेंच खुंटलें. विल्स यांनीं या स्त्रिया काय खातात हें आधीं पाहिलें. तसाच आहार त्यांनीं उंदरांस दिला, पुढें माकडांवर प्रयोग केले, आणि अखेर दारूच्या भट्टींत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क, जो मार्माइट या नांवानें विलायतेंत पावावर फांसून खातात, तो रोगी स्त्रियांस दिला. त्या बऱ्या झाल्या. १९३१ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें.

यीस्टमध्यें असें काय होतें, हें विल्स यांस तेव्हां सांगतां आलें नाहीं; लोक त्या अज्ञात द्रव्यास त्यांचेंच नांव देत. १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं तें मणावारी पालकाच्या भाजींतून वेगळें काढलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव फॉलिक आम्ल ठेवलें. औसा, निलंगा, किनवट वा देगलूर तालुक्यांतील कोणत्याहि उपकेंद्रांत गरोदर स्त्रीस लोहाबरोबर जें दिलें जातें, तेंच हें. जें यकृतांत शोधीत होते तें पालेभाजींत निघालें. मात्र मायनट-मर्फी यांच्या रोग्यांस लागू पडलेलें यकृतांतील द्रव्य निराळें होतें. तें ब-१२ जीवनसत्त्व. तें १९४८ सालीं हातीं लागलें. वनस्पतींत तें सहसा नसतें, म्हणून कडक शाकाहाऱ्यांत त्याची उणीव पुष्कळ आढळते. आतां तें जंतूंकडून आंबवून करून घेतात, यकृताचा त्याच्याशीं कांहीं संबंध उरलेला नाहीं; म्हणून ब-१२ ची सुई ‘मांसाची’ समजून नाकारणाऱ्यानें आपल्याच व्रतानें निर्माण केलेल्या उणिवेवरील निर्दोष औषध नाकारलेलें असतें. नुसतें फॉलिक आम्ल घेऊनहि चालत नाहीं. रक्त सुधारतें, पण मज्जातंतूंची हानि आंतून चालूच राहते.

मधुमेहावरील इन्शुलिनची गोष्ट लोकांच्या अधिक परिचयाची आहे. १९२१ सालीं टोरोंटो येथें त्याचा शोध लागला, आणि ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या एका मुलास तें पहिल्यानें टोंचलें गेलें. पुढें साठ वर्षें तें गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढीत. एका पौंड इन्शुलिनसाठीं सुमारें ८,००० पौंड स्वादुपिंडें लागत. गाय, डुक्कर, दोन्हीहि! कोणत्या धर्माच्या मनुष्यानें तें आनंदानें घेतलें असेल? पण न घेणें म्हणजे मरण होतें, म्हणून लोकांनीं घेतलें. १९८२ सालीं जंतूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेण्याची कृति अमेरिकेंत मान्य झाली. २००३ सालीं वोखार्ट कंपनीनें यीस्टच्या साहाय्यानें केलेलें मानवी इन्शुलिन भारतांत आणलें. त्याचा कारखाना छत्रपति संभाजीनगर येथें, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेस, मराठवाड्यांतच होता. आज बहुतेक रोग्यांस मिळणारें इन्शुलिन याच जातीचें असतें. जुन्या पिढीच्या मनांत मात्र कत्तलखान्यांतील इन्शुलिन अजून राहिलें आहे, आणि त्या आठवणीनें सुई लांबणीवर टाकणारे रोगी पाय गमावून बसतात.

लातूरच्या सोयाबीनचाहि या कथेशीं संबंध आहे. गर्भधारणा टिकविणारें प्रोजेस्टेरोन १९३४ सालीं शुद्ध रूपांत वेगळें झालें, तें हजारों डुकरिणींच्या अंडाशयांतून कांहीं मिलिग्रॅम मिळाल्यावर. १९४० सालीं पर्सी ज्यूलियन या निग्रो वंशाच्या अमेरिकन रसायनज्ञानें तेंच द्रव्य सोयाबीनच्या तेलांतील एका घटकापासून मोठ्या प्रमाणांत करण्याची कृति बसविली, आणि आजचें प्रोजेस्टेरोनहि वनस्पतिज द्रव्यांपासूनच होतें. दैवदुर्विलास असा, कीं हें वनस्पतीपासून झालेलें औषध स्त्रियांच्या हातीं पुष्कळदां मऊ जिलेटिनच्या कॅप्सुलींत पडतें. प्रधान शुद्ध झालें, अप्रधान तसेंच राहिलें! अशा वेळीं गर्भवतीनें औषध बंद करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. तें इंजेक्शनाच्या रूपांतहि मिळतें.

आतां ज्यांस प्रतिनिधि नाहीं अशीं औषधें उरलीं. रक्त गोठूं न देणारें हेपरिन डुकराच्या आंतड्याच्या अस्तरापासून निघतें. हृदयविकाराच्या झटक्यांत आणि डायलिसिसच्या यंत्रावर त्याची गरज लागते. फोंडापॅरिनक्स नांवाचें पूर्णपणें प्रयोगशाळेंत घडविलेलें औषध कांहीं रोगांत त्याची जागा घेतें. परंतु ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत त्यांस तें देतां येत नाहीं, म्हणजे डायलिसिसच्या रोग्याची अडचण कायम राहते. स्वादुपिंड कामांतून गेलेल्यास पँक्रिएटिन लागतें, तेंहि डुकराचेंच. साध्या अपचनावर पपईचें पपेन किंवा बुरशीपासून केलेलें डायस्टेज चालेल. येथें तें पुरत नाहीं.

या जागीं डॉक्टरांपेक्षां धर्मज्ञाचा शब्द रोग्यास अधिक धीर देतो. इस्लाममध्यें निषिद्ध वस्तु प्राणसंकटांत निषिद्ध राहत नाहीं, हें तत्त्व प्राचीन आहे. शिवाय १९९५ सालीं कुवेत येथें भरलेल्या धर्मपंडित व वैद्यांच्या परिषदेनें असा निर्वाळा दिला, कीं मूळ पदार्थाचें संपूर्ण रूपांतर झाल्यावर, जसें जिलेटिनमध्यें होतें, तो पदार्थ निषिद्ध राहत नाहीं. आपद्धर्माची कल्पना हिंदु शास्त्रांत आहेच, आणि चरकसंहितेंत तर औषध म्हणून मांसरसाचे पुष्कळ प्रयोग सांगितले आहेत. कंधारच्या मौलवींनीं, औशाच्या महाराजांनीं, किंवा कपिलधारच्या दिंडींतील एखाद्या स्वामींनीं हा प्रश्न डॉक्टरांबरोबर बसून एकदां बोलून दाखविला, तर रुग्णालयांतील पुष्कळ भांडणें गांवांतच मिटतील.

सर्पदंशांत तर या बोलण्यास वेळहि नसतो. जून-जुलईंत पेरणी चालूं होते, रात्रीं माणसें जमिनीवर निजतात, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या दंशाचे रोगी तालुक्याच्या रुग्णालयांत येऊं लागतात. त्यांवरील प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून होतें. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमानें देतात; त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें तयार झालीं, म्हणजे थोडें रक्त काढून घेतात आणि त्यावर पेप्सिन या जठरांतील पाचकाची क्रिया करून तीं द्रव्यें शुद्ध करतात. मुंबईची हाफकिन संस्था या कामांतील जुनी संस्था होय. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रासायनिक गोळी उपयोगी पडते, हें जालना जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडास काम करतांना १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. सापाच्या विषावर तशी गोळी नाहीं. प्रयोगशाळेंत घडविलेल्या प्रतिद्रव्यांचे प्रयोग जगांत चालू आहेत, परंतु रोग्याच्या उशाशीं आज जी कुपी असते ती घोड्याचीच. एका रोग्यास दहा कुपी लागतात, कधीं वीस लागतात. त्या आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत मृगापूर्वीं येऊन पडल्या आहेत कीं नाहींत, याची चौकशी ग्रामपंचायतीनें मे महिन्यांतच करून ठेवावी.